गौतम भावजींचा चार्ज

आमच्या चौकातल्या एस.टी. थांब्यावर एका बाईने गौतम भावजींना नुसतं म्हटलं होतं, भाऊ, जरा पिशवीकडे बघा हां. बाई पाणी प्यायला पलीकडे गेली, तिथेच तिला पनवेलची गाडी दिसली, आणि ती पिशवी साफ विसरून चढून गेली. दुसरा कोणी असता तर पिशवी पानटपरीवर टाकून आपल्या वाटेला लागला असता. भावजी पिशवीशेजारी उभे राहिले. जेवायची वेळ झाली, टळली. सावली फिरेल तसे पिशवी उचलून सरकत राहिले. माझं पोळीभाजी केंद्र थांब्याच्या अगदी समोर, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. शेवटी न राहवून मी गेले आणि म्हटलं, भावजी, ती बाई काही येत नाही आता, घरी चला.

"ती येऊ दे नायतर नको येऊ दे," भावजी म्हणाले. "चार्ज माझ्याकडं हाय."

बाई संध्याकाळी आली, रडवेली होऊन. पिशवीत होतं काय, तर पोह्याचे पापड. पण भावजींनी ती अशीतशी दिली नाही. तिला समोर उभी केली, पिशवी उघडून दाखवली, एक पापड आधीपासूनच मोडलेला होता हे तिच्याकडून कबूल करून घेतलं, आणि मग म्हणाले, आता म्हणा, चार्ज घेतला. बिचारी म्हणाली आणि मिळेल त्या गाडीत बसून पळाली. असा हा माणूस आमचा शेजारी आहे. डोकं उठवतो, पण खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान आहे.

भावजींचं आयुष्य साजगावच्या एका ओतकामाच्या कारखान्यात गेलं, लोखंड वितळवायच्या भट्टीवर. हेल्पर म्हणून लागले ते शिफ्ट इनचार्ज होऊन रिटायर झाले. त्यांच्या घराण्यात खुर्चीवर बसून सही करणारे ते पहिले, आणि हे ते स्वतः कधीच सांगत नाहीत, त्यांची बायको रत्ना सांगायची. तिथे पाळी बदलायची एक रीत होती. नवा माणूस आला की जुन्याने त्याला भट्टीभोवती फिरवायचं, काय तापलंय, काय बिघडलंय, कुठे लक्ष ठेवायचं ते तोंडाने सांगायचं. नव्याने सगळं ऐकून मोठ्याने म्हणायचं, चार्ज घेतला. हे दोन शब्द कानावर पडेपर्यंत जुन्याने जागा सोडायची नाही. नवा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आलाच नाही, तर पुढची पाळीही त्यानेच करायची. पेटती भट्टी रिकामी सोडून घरी जाणारा माणूस भावजींच्या लेखी माणूसच नाही.

कारखान्यात हे ठीक होतं हो. हा माणूस ते घरी घेऊन आला, गल्लीत घेऊन आला, लग्नाकार्यात घेऊन आला. माझं माहेर कडावचं. तिथे माझ्या भाचीच्या लग्नात कुणीतरी भावजींना सांगितलं, आइस्क्रीमच्या डब्यांकडे जरा नजर ठेवा. सांगणारा वरातीत नाचायला गेला. जेवणावळी उठल्या, मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागले, आणि भावजी आपले डब्यांशेजारी, उपाशी. आइस्क्रीमचं पार दूध झालेलं. माझा भाऊ खजील होऊन हात जोडायला गेला, तर भावजी त्याला एकेक डबा उघडून दाखवायला लागले. वर ठणकावून म्हणाले, माल पातळ झालाय, पण कमी नाय झालेला.

त्यांच्या या शब्दाचं तर विचारू नका. एका इंग्रजी शब्दावर एवढा जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्याकडे दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की भावजी बाकावर येऊन बसायचे आणि चार्जवर बोलायचे. चार्जचे अर्थ त्यांनी पायऱ्यांवर मांडून ठेवलेत. सगळ्यात खालच्या पायरीवर डॉक्टर, रिक्षावाले आणि डिश टीव्हीवाले जो लावतात तो चार्ज. हा अर्थ भावजींना आवडत नाही, तो चार्ज घेऊन कोणी मोठं होत नाही म्हणतात. त्याच्या वर लाठीचार्ज. तो होतो आणि संपतो, त्याची जबाबदारी मागाहून कोणी घेत नाही. त्याच्या वर मोबाईलचा चार्ज, कारण निदान तो भरून तरी ठेवावा लागतो. आणखी वर भट्टीतला चार्ज. भट्टीत वितळायला टाकतात त्या मालालाही तिथे चार्जच म्हणतात, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर माणसाने माणसाकडून घेतलेला चार्ज.

एकदा मी वैतागून म्हटलं, अहो भावजी, एकच काय तो अर्थ सांगा आणि मला कांदा चिरू द्या. तर ते जरा विचारात पडले. म्हणाले, "वहिनी, सगळा एकच अर्थ हाय. आपल्यात कुणीतरी कायतरी भरलंय. ते सांडू द्यायचं नाय." मी कांदाच चिरत होते म्हणून बरं, नाहीतर डोळ्यांत पाणी कशाने आलं ते सांगायला लागलं असतं.

रत्ना मात्र त्यांना पुरून उरायची. जिभेची अशी तिखट की तिच्यासमोर भावजींची इनचार्जगिरी चालायची नाही. भरल्या गल्लीत विचारायची, माझा चार्ज कुणाकडून घेतलात हो? भावजी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, तुझ्या बापाकडून, आणि रिलीव्हर अजून आलेला नाय. मग ती पदर तोंडाला लावून हसायची. त्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. ती जन्मली तेव्हा भावजींच्या जागेवर यायचा माणूस आलाच नव्हता, म्हणून लेकीचं तोंड त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं. तिच्या शाळेच्या बक्षीस समारंभालाही तेच. रत्ना एकटीच जायची, पुढच्या रांगेत बसायची आणि शेजारची खुर्ची पिशवी ठेवून अडवायची.

भावजी रिटायर झाले आणि त्याच वर्षी रत्नाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि ती तिखट वाचाही गेली. म्हणजे बोलते, पण शब्द हवा तो सापडत नाही, एक म्हणायला जाते आणि दुसरंच निघतं. भावजींनी दवाखान्यातच नर्सबाईंकडून रीतसर चार्ज घेतला. नर्सबाई म्हणाल्या घेऊन जा, तर हे म्हणाले, तसं नाय, आधी सगळं सांगा. तेव्हापासून तो माणूस घराबाहेर पडला तो फक्त नळावर, वाण्याकडे आणि विहारात वंदनेला, तेही प्रज्ञा घरी असेल तेव्हाच. बाकावर बसून चार्जच्या पायऱ्या सांगणं बंद झालं. कोणी म्हटलं, जरा मोकळी हवा खाऊन या, की विचारायचे, रिलीव्हर कुठाय?

मी बसते म्हणाले, गल्लीतल्या आणखी बायका बसते म्हणाल्या. भावजींनी एकीलाही पास केलं नाही. एक बोलते फार, दुसरीला मोबाईल सुटत नाही. माझ्यात काय खोट, तर माझ्या हातून दूध उतू जातं. आता हायवेच्या चौकात केंद्र चालवणाऱ्या बाईचं दूध कधीतरी उतू जाणारच ना! पण त्यांनी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि मग प्रज्ञाचं ते आलं. पोरीने डिप्लोमा केला, त्याच साजगावच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागली, आणि यंदा तिला त्याच भट्टीवर शिफ्ट इनचार्ज केलं. त्या खात्यात बाईमाणूस आजवर कोणी नव्हतं. बातमी कळली त्या दिवशी मी पोळ्या लाटायच्या सोडून गल्लीत पेढे वाटत फिरले, जशी काही माझीच पोर. तिथले मोठे साहेब भावजींच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी निरोप धाडला, सोमवारी दुपारच्या पाळीला पोरगी पहिला चार्ज घेणार, तुम्ही समोर पाहिजेत. भावजींनी निरोप ऐकला, छाती अशी काही फुगवली की सदऱ्याचं बटण ताणलं, आणि म्हणाले, येणं जमणार नाय.

प्रज्ञा माझ्या बाकावर येऊन बसली. चहा पुढे केला तर घेतला नाही. ही पोर सहसा रडत नाही, आईवर गेलेली आहे. पण त्या दिवशी म्हणाली, "काकू, मी जन्मले तेव्हा ते भट्टीवर होते. आता मी भट्टीवर जातेय, तर ते घरी राहणार. आमची गाठ पडायची तरी कधी?"

झालं. माझं टाळकं सरकलं. तशीच पिठाच्या हातांनी भावजींच्या घरात शिरले आणि जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रत्ना पलंगावरून टकमक बघत होती. भावजी सगळं खाली मान घालून ऐकत राहिले. माझी वाफ गेल्यावर म्हणाले, वहिनी, जायला मला नको वाटतं का? पण हिला काय पाहिजे ते हिला सांगता येत नाय. मी गेलो आणि हिनं काय मागितलं, ते तुमाला कळलं नाय, तर ही कुणाकडं बघल?

त्यांच्या आवाजात काहीतरी झालं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, मग शिकवा मला, मीही काही अगदीच दगड नाही. भावजींनी खरोखरच शिकवायला घेतलं. सोमवारपर्यंत रोज दुपारी केंद्र मिटून मी त्यांच्याकडे ट्रेनी. उशी कशी लावायची, गोळी कशी चुरायची, रत्नाला बसतं करताना आपली कमर कुठे टेकवायची. दूध तापवायचीही परीक्षा झाली. मी शेगडीपुढे डोळे फाडून उभी आणि हा बाबा मागे हाताची घडी घालून उभा. दूध वर आलं, मी बरोब्बर गॅस बंद केला. भावजी नुसते हुं म्हणाले. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर इतक्या वर्षांत माझं जेवढं कौतुक केलं नसेल तेवढं मला त्या हुंमध्ये वाटलं.

सोमवार उजाडला. भावजींनी पांढरा सदरा घातला होता, कडक इस्त्रीचा. बाहेर प्रज्ञा स्कूटी घेऊन उभी, डोक्यावर हेल्मेट, चेहरा घाबरलेला. बाप येतो की ऐनवेळी बसतो, याचा तिला अजून भरवसा नव्हता. भावजींनी मला पलंगाजवळ उभं केलं आणि चार्ज द्यायला सुरुवात केली. भट्टीवर देत असतील तसाच, सरळ उभं राहून, एका सुरात.

"जेवण झालंय. गोळी दिलीय. चहा म्हणाली तर चहा द्यायचा नाय, खिडकी उघडायची, तिला हायवेवरच्या गाड्या बघायच्या असत्यात. पोर म्हणाली तर पाणी पायजे. उजवा हात गार पडतो. तो चोळायचा नाय, नुसता धरायचा. रडायला लागली तर गप कर म्हणायचं नाय, आपण दुसरीकडं बघायचं, तिला रडताना कुणी बघितलेलं चालत नाय, पयल्यापासून नाय चालत. आणि..." इथे ते थांबले. "आणि माझं नाव घेतलं, तर आलोच म्हणायचं. नाव तिला बरोबर येतं. तेवढं एक चुकत नाय."

ते दोन शब्द म्हणायच्या आधी मी खिडकीची कडी आणि पाण्याचा तांब्या पुन्हा एकदा बघून घेतला. भावजी वाट बघत उभे. बाहेर स्कूटीचा हॉर्न वाजला. शेवटी मी कसंबसं म्हटलं, चार्ज घेतला. ते दारापर्यंत गेले, परत आले, रत्नाच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली. मग गेले.

स्कूटीचा आवाज वळणाआड गेला. मी पलंगाशेजारी स्टूल ओढलं आणि शिकवल्याबरहुकूम गार हात हातात घ्यायला गेले, तर रत्नाने डाव्या हाताने मला बाजूला सारलं. तोच हात तिने पलंगाच्या कडेला रोवला, पाय खाली सोडले, आणि ही बाई उठून उभी राहिली! मी ओरडणारच होते, तर तिने डोळे वटारले. तेच जुने डोळे. भिंतीला धरत, एक पाय ओढत, ती दरवाजाकडे निघाली. ओटा उतरली. अंगणातल्या तांबड्या मातीतून, माझ्या खांद्याला धरून, पार फाटकापर्यंत गेली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. बापलेक केव्हाच दिसेनासे झाले होते, तरी बघत राहिली.

मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, अगं बये, केव्हापासून चालतेस तू? आणि त्या माणसाला का सांगत नाहीस? तो तुझ्यासाठी दाराबाहेर पडत नाही, पोरीला नाही म्हणत होता!

रत्ना शब्द शोधत राहिली. चुकीचे दोन-तीन आले, ते तिने डोकं हलवून परत पाठवले. मग एकेक करून म्हणाली, "भट्टी गेली. मी बी गेली... तर त्यांना काय ऱ्हाईल?" आणि पुढे, फार वेळाने, "पण आज... मी उठणारच व्हते. सांगणार व्हते. तू आलीस."

म्हणजे मी नसते, तर पोरीच्या दिवसासाठी तिने आपलं गुपित मोडलं असतं, आणि नवऱ्याच्या हातातलं शेवटचं काम आपल्या हाताने काढून घेतलं असतं. आमच्या गल्लीत असली माणसं राहतात, आणि लोक चौकात थांबतात ते फक्त मिसळ खायला. मी तिला परत आणून पलंगावर टेकवलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. मी मान डोलावली.

भावजी आले ते उन्हं कलल्यावर. आल्याआल्या रत्नासमोर उभे राहिले आणि सांगायला लागले, मी तिथे आहे हेही विसरून. गेटवर त्यांना पाहुण्यांचं पिवळं हेल्मेट दिलं, म्हणजे ज्या भट्टीवर केस पांढरे झाले तिथे हे पाहुणे! पोरीचं मात्र पांढरं, इनचार्जचं. जुना इनचार्ज भराभर उरकत होता, तर पोरीने त्याला थांबवलं आणि म्हणाली, भट्टी थंड ठेवणारी पाण्याची लाईन परत दाखवा. सगळे माझ्याकडं बघत होते, भावजी म्हणाले, साहेबसुद्धा. पोरीनं एकदा बी माझ्याकडं बघितलं नाय. भट्टीकडं बघत होती. आणि मग असं मोठ्यानं म्हणाली गं, चार्ज घेतला, की वर क्रेनवाल्याला ऐकू गेलं. हे सांगताना भावजी रडत होते, आणि रत्ना दुसरीकडे बघत होती.

मग त्यांना माझी आठवण झाली. मी सरळ उभी राहिले आणि चार्ज परत दिला. खिडकी उघडली, पाणी दिलं, हात धरला, तुमचं नाव घेतलं नाही. आयुष्यात एवढं सफाईदार खोटं मी भाजीत बटाटा जास्त घालूनही बोललेले नाही. भावजी म्हणाले, चार्ज घेतला, आणि मला हात जोडले.

मी दारात चपला घालायला वाकले होते. भावजी रत्नाचे पाय चादरीत घ्यायला खाली बसले, आणि बसले ते तसेच राहिले. रत्नाच्या दोन्ही तळव्यांना अंगणातली तांबडी माती लागलेली. हे कसं विसरले मी? भावजींनी मोरीतून ओला फडका आणला आणि एकेक बोट वेगळं करून ते पाय पुसायला लागले, रोजचं काम असावं इतक्या सवयीने.

"रोज रात्री दारापर्यंतच जातीस," ते खाली बघतच म्हणाले. "आज पार फाटकापातूर गेलीस व्हय गं?"

रत्नाने मान ताठ केली, आणि एकही शब्द न चुकता म्हणाली, "इनचार्जची आई हाय मी."